दुर्बिणीमागची रांग

हौशी खगोल मंडळांच्या बैठकांत एक तक्रार इतक्या वेळा होते की तिची शहानिशा करावी असं आता कुणाला वाटत नाही. ग्रहण असलं किंवा धूमकेतूची बातमी आली की मैदान भरतं. पुढच्या अमावास्येला निम्मी माणसं येतात, त्याच्या पुढच्या खेपेला त्यांतली निम्मी, आणि उन्हाळा लागेपर्यंत दुर्बीण उचलून गाडीत ठेवायला दोघं-तिघंच उरतात. मग ठरून जातं की लोकांना आकाशाची गोडीच राहिलेली नाही. मोबाइलवर शनीची कडी घरबसल्या दिसत असताना थंडीत कुडकुडायला कोण येणार? एकदा बघितलं, हौस फिटली.

कारण असं ठरवून टाकलं की उपायही तयारच असतात. मोठी दुर्बीण घ्या, लेझरचा खेळ ठेवा, फोटोंची स्पर्धा लावा, गाणी वाजवा, जेवण चांगलं द्या. खानदेशात यातला शेवटचा उपाय फारच सोपा. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या गिरणेच्या पट्ट्यात हिवाळा म्हणजे शेतावरच्या भरीत पार्ट्यांचा मोसम. कपाशीच्या काड्यांच्या आगीवर वांगी भाजली जात असतात, आभाळ निरभ्र असतं, माणसं आपणहून जमलेली असतात. तिथं एक दुर्बीण नेऊन उभी केली की आकाशदर्शनही झालं आणि गर्दीही जमली, असं म्हणणारे कार्यकर्ते कमी नाहीत.

भरिताला हरकत घ्यायचं कारण नाही. हरकत आहे ती निदानाला. सभासद गळतात यात खोटं काही नाही, पण आकाशाचा कंटाळा आला म्हणून ते गळत नाहीत. मंडळानं त्यांना प्रेक्षक करून ठेवलेलं असतं आणि प्रेक्षक एक खेळ पाहून घरी जातो. मनोरंजन वाढवण्याचे सगळे उपाय त्याला अधिक पक्का प्रेक्षक बनवतात. म्हणून ते उपाय निरुपयोगी आहेत, एवढंच म्हणून भागणार नाही. ते गळती वाढवणारे आहेत.

साधा हिशोब करून पाहावा. साठ माणसं आहेत आणि दुर्बीण एक. प्रत्येकाला मिनिटभर मिळालं तर एक फेरी पुरी व्हायला तास लागतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे ग्रह नजरेच्या टापूतून सरकत राहतो, थोड्या थोड्या वेळानं दुर्बीण पुन्हा लावावी लागते, म्हणजे तासही अपुराच. रात्री आठ ते बारा या चार तासांत एका माणसाच्या डोळ्याला भिंग लागतं ते फार तर ४ मिनिटं. उरलेली २३६ मिनिटं तो रांगेत असतो किंवा रांग सोडून चहाच्या थर्मासपाशी असतो. अशा माणसानं पुढच्या महिन्यात परत का यावं? शनी तोच आणि रांगही तीच. दुर्बीण दुप्पट मोठी आणली म्हणून या हिशोबात फरक पडत नाही. उलट तिची बातमी लांबवर जाते आणि रांग वाढते.

आता मोबाइलचा मुद्दा. फोनवरचं ॲप तारा ओळखून दाखवतं हे खरं, आणि नवख्याला त्याची मदतही होते. पण तो तारा आज रात्री कालच्यापेक्षा मंद झाला आहे का, हे फोन सांगत नाही. ते कुणीतरी वर मान करून पाहावं लागतं. २०१९ च्या अखेरीस मृगातला तांबूस तारा, म्हणजे आर्द्रा, मंदावायला लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो इतका उतरला की मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्याच्या बरोबरीला आला. हा बदल पाहायला कुठलंही भिंग लागत नव्हतं. भडगावच्या गच्चीवर उभं राहून रोज दोन मिनिटं दोन तारे ताडून पाहणाऱ्या कोणालाही तो कळला असता. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नेमकं हेच केलं आणि त्यांचे आकडे व्यावसायिक शास्त्रज्ञांनी वापरले. ज्या मंडळांनी त्या हिवाळ्यात नेहमीप्रमाणे दुर्बिणीतून एक नजर टाकू देऊन माणसं घरी पाठवली, त्यांच्या सभासदांच्या डोक्यावर एवढी मोठी घटना घडून गेली आणि त्यांना ती पेपरात वाचावी लागली.

डोळ्यांनी आणि लहानशा साधनांनी काय साधतं याची उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. राधागोविंद चंद्र हे अविभाजित बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात कामाला होते. त्यांच्याजवळ तीन इंची दुर्बीण होती. १९१८ साली गरुड तारकासमूहात उजळलेला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला, त्याच्या नोंदी केल्या, आणि त्यातून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकेतल्या संघटनेशी त्यांचा संबंध जुळला. पुढच्या काही दशकांत या कारकुनानं ३७ हजारांहून अधिक निरीक्षणं नोंदवली. त्या संघटनेनं त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण समुद्रापार पाठवली ती नंतर, आधीचं काम पाहून. आधी दुर्बीण आणि मग काम, हा क्रम त्यांच्या आयुष्यात नव्हता. त्याहून जुनं उदाहरण यॉर्कच्या जॉन गुडरिकचं. ऐकू न येणाऱ्या या अठरा वर्षांच्या मुलानं १७८३ साली ययाती तारकासमूहातल्या अल्गोलची लय पकडली : दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो तारा मंदावतो आणि काही तासांत पुन्हा पूर्ववत होतो.

अल्गोल आपल्याकडेही हिवाळाभर दिसतो. संध्याकाळी शेजारच्या ताऱ्यांइतका तेजस्वी असलेला तारा मध्यरात्रीपर्यंत निम्म्याहून कमी उरतो आणि पहाटे पुन्हा वर येतो, हे ज्यानं स्वतः दर अर्ध्या तासानं नोंदवलं आहे, तो पुढच्या खेपेचं वेळापत्रक स्वतःच मांडून मंडळाला फोन करतो. त्याला बोलवावं लागत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. नोंदी, आकडे, तक्ते हे अभ्यासू लोकांचं काम, सामान्य माणसाला रात्रीची मौज हवी असते, असं अनेक कार्यकर्ते मनापासून मानतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांना तसं वाटत नव्हतं. पेशानं शिक्षक असलेल्या या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य मराठी वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असं जोडनाव दिलं. १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा प्रचंड इतिहास सिद्ध करणारा हाच माणूस. अभ्यास आणि मौज यांच्यात त्यांनी भिंत घातली नाही. ती आपण घातली आहे, आणि बहुधा सोयीसाठी. प्रेक्षकांना सांभाळणं सोपं असतं. काम करणारा सभासद प्रश्न विचारतो, चुका काढतो आणि कार्यकर्त्यालाही वाचायला लावतो.

इथं एक गोष्ट मान्य करायला हवी. काही माणसं खरोखर एकदाच येणार असतात. नातवाला शनी दाखवायला आलेले आजोबा, सहलीला आलेला शाळेचा वर्ग, ग्रहणापुरती जमलेली गर्दी. त्यांना रांगेतून नीट, आदरानं शनी दाखवावा, यात कमीपणा नाही. पण ते पाहुणे आहेत. पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम आणि सभासदांसाठीची रात्र एकच समजल्यामुळे आज मंडळांजवळ पाहुणे भरपूर असतात आणि सभासद नसतात.

गर्दी ओसरल्यावरही मंडळ टिकतं, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. मुंबईचं खगोल मंडळ हॅलीचा धूमकेतू आला त्या सुमारास, १९८५-८६ च्या काळात उभं राहिलं. धूमकेतूची हौस हाच त्याचा प्राण असता, तर हॅली सूर्यापासून दूर गेल्यावर तेही विरून जायला हवं होतं. हॅली आता २०६१ मध्येच परत येणार आहे. पण मंडळाचे बदलापूरच्या पुढे वांगणीला होणारे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम पुढे दशकानुदशकं चालत राहिले. तिथं तारे ओळखायला शिकवणारे बाहेरचे पगारी वक्ते नसतात, मंडळाचे स्वयंसेवकच असतात. काल जो श्रोता म्हणून आला तो उद्या कुणाला तरी सप्तर्षींवरून ध्रुव शोधून दाखवतो. शिकवायची जबाबदारी आली की माणूस आदल्या रात्री पुस्तक उघडतो आणि पुढच्या वेळी गैरहजर राहायला त्याला संकोच वाटतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ ला स्थापन झाली. देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था म्हणून ती ओळखली जाते. आठ दशकं चालणारी संस्था नुसत्या ग्रहणांच्या गर्दीवर उभी राहत नाही.

पण ते मुंबई-पुणं झालं, भडगावसारख्या तालुक्याच्या गावाला ते कसं जमणार, असं कुणी म्हणेल. या म्हणण्याला उत्तर द्यायला शेजारचा चाळीसगाव तालुका पुरेसा आहे. गौताळ्याच्या जंगलात पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख सापडला आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. ही तारीख ९ ऑगस्ट १२०७ अशी काढली जाते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथं मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला जमीन आणि उत्पन्न लावून दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर आणि तेलाच्या घाण्यांमागचा वाटा मठाला दिल्याचं त्यात म्हटलं आहे.

हे नीट पाहावं. निमित्त ग्रहणाचंच होतं. गर्दीही झाली असेल. पण त्या रात्रीतून जे उरलं ते अध्ययनाची कायमची व्यवस्था, आणि तिचा खर्च गावच्या बाजारपेठेतून. आठशे वर्षांपूर्वी जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावाला ग्रहण आणि अभ्यास यांचा असा सांधा जोडता आला. मग खानदेशातल्या लहान गावाला अशी परंपरा नाही, साधनं नाहीत, ऐपत नाही, ही सबब निदान या जिल्ह्यात तरी चालू नये.

गावाला वेळ नसतो, ही दुसरी सबब. प्रत्यक्षात शहरातल्या माणसापेक्षा इथला शेतकरी रात्री आकाशाखाली जास्त असतो. कृषिपंपाची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षं पाळीपाळीनं रात्री येत आली आहे. गहू-हरभऱ्याला पाणी भरायला डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत माणसं रात्र रात्र बांधावर उभी असतात. मृग, हस्त, स्वाती यांच्यावर त्यांचं शेतीचं गणित चालतं. सप्तर्षींची बाज आणि मृगाच्या पोटातलं तिकांडं त्यांना आजीनं दाखवलेलं असतं. आकाशदर्शनाचं आमंत्रण मात्र जातं कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटावर. रात्रीच्या पाळीला शेतात असलेल्या माणसाला सभासद करून घ्या आणि त्याला एकच काम द्या : मोटार चालू करायला जाशील तेव्हा अमुक तारा अमुक ताऱ्यापेक्षा तेजस्वी आहे की मंद, तेवढं वहीत लिही. किंवा पावसाळा सरल्यावर पहाटे दक्षिणेला अगस्त्य पहिल्यांदा कधी दिसला ते सांग. भडगाव साधारण २०.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून अगस्त्य दक्षिणेला क्षितिजाच्या जवळजवळ १७ अंश वर चढतो, आणि चैत्र-वैशाखात त्रिशंकूही क्षितिजाला टेकून दिसतो. लंडनच्या निरीक्षकाला हे दोन्ही कधीच दिसत नाहीत.

बायका आणि मुली आकाशदर्शनाला येत नाहीत, असं सांगितलं जातं तेव्हा तर राग यावा अशी स्थिती असते. गावाबाहेर आठ-दहा किलोमीटरवर शेतात, रात्रभर, शेवटची एसटी गेल्यावर, बिबट्याची चर्चा चालू असताना कार्यक्रम ठेवायचा आणि मग मुलींना रस नाही असं म्हणायचं, हा अन्याय आहे. गोडीचा प्रश्न इथं येतच नाही, प्रश्न जागेचा आणि वेळेचा आहे. २००६ पासून चालत आलेली ‘ग्लोब ॲट नाइट’ ही मोहीम या बाबतीत उपयोगी आहे. ठरावीक रात्री गच्चीवर किंवा अंगणात जाऊन मृगासारखा तारकासमूह पाहायचा, त्यातले किती मंद तारे दिसतात ते दिलेल्या नकाशांशी ताडायचं आणि नोंद पाठवायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम, तेही घरच्या गच्चीवरून. भडगावच्या प्रत्येक गल्लीतून एका मुलीनं ही नोंद केली, तर चौकातल्या हायमास्ट दिव्यानं किती आकाश खाल्लं याचा नकाशाच नगरपालिकेपुढे ठेवता येईल. हे स्वप्नरंजन वाटत असेल त्यांनी पेंचकडे पाहावं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले रस्त्यांचे दिवे खाली तोंड करून बसवावे लागले.

गळतीचा खरा महिना मात्र जून आहे, आणि त्याकडे फार थोड्या मंडळांचं लक्ष असतं. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं. कार्यक्रम बंद पडतात, चार महिने कुणी कुणाला भेटत नाही, दिवाळीनंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात. इथं सभासदांना दोष देता येणार नाही. पावसाळ्यात करण्याजोगं भरपूर आहे. दुर्बिणीचा आरसा हातानं घासून तयार करणं हे कितीतरी संध्याकाळींचं काम आहे. पुण्याच्या आयुकानं अशा कार्यशाळा घेतल्या आणि त्यांतून लोकांनी स्वतःच्या दुर्बिणी बनवल्या. स्वतः घासलेल्या आरशातून चंद्राचं पहिलं विवर पाहिलेला माणूस मंडळ सोडत नाही. हिवाळ्यातल्या नोंदींचे आलेख काढायलाही हेच दिवस योग्य. पाऊस लागण्याआधी, २४ मेच्या आसपास, भडगावला भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते. तो दिवस शाळेच्या अंगणात मुलांकडून मोजून घेता येतो. आणि शेतकरी सभासदांसाठी तर एक आख्खी बैठक रंगेल असा विषय आहे. सूर्य मृगात आता ७-८ जूनला जातो. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे ही तारीख ऋतूंच्या तुलनेत साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे भास्कराचार्यांच्या काळापासून ती बारा दिवसांहून अधिक सरकली आहे. मृगाच्या पावसाची अपेक्षा करणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो ऐकेल, वाद घालेल आणि पुढच्या बैठकीला दोन शेजारी घेऊन येईल.

एक इशारा मात्र द्यायला हवा, कारण कामं वाटणाऱ्या मंडळांचीही एक चूक होते. नोंदी गोळा करून कपाटात ठेवल्या की सभासद पहिल्यापेक्षा जास्त दुखावून जातो. त्यानं थंडीत तास घालवलेला असतो. त्याची नोंद पुढच्या बैठकीत त्याच्या नावानिशी वाचली जायला हवी, इतरांच्या नोंदीशी ताडली जायला हवी, चुकली असेल तर का चुकली ते बोललं जायला हवं. नोंदवहीच नसलेल्या मंडळानं हजेरीची काळजी करू नये.

सुरुवात करायला उल्कावर्षावाइतकं सोपं काही नाही, आणि खानदेशासाठी वर्षाव कोणता हेही निसर्गानंच ठरवून दिलं आहे. ऑगस्टमधला ययातीचा प्रसिद्ध वर्षाव आपल्याकडे ढगांत जातो. १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुनेचा वर्षाव मात्र ऐन स्वच्छ थंडीत येतो. फेथॉन नावाच्या लघुग्रहानं मागे सोडलेल्या कणांचा तो आहे, आणि पूर्ण अंधार असेल तर त्याच्या शिखरावर तासाला शंभरावर उल्का पडतात. त्यांचा उगमबिंदू रात्री दोनच्या सुमाराला भडगावच्या जवळजवळ डोक्यावर असतो. दुर्बिणीचा इथं काही उपयोग नाही, त्यामुळे रांगेचा प्रश्नच उरत नाही. चौघांनी चार दिशांना पाय करून आडवं व्हायचं, एकानं घड्याळ धरायचं, एकानं लाल जिलेटिन लावलेल्या बॅटरीच्या उजेडात लिहायचं. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पडदा एकदा उघडला की ती वाया जातात, म्हणून फोन आपोआप खिशात जातात. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकाची मोजणी वेगळी मांडायची. पहाटे त्या चौघांजवळ स्वतःची अशी एक गोष्ट असते, जी कुठल्याही ॲपमध्ये नव्हती.

भडगाव, पाचोरा, चाळीसगावात आकाशदर्शन घडवणाऱ्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना म्हणून विनंती आहे. येत्या डिसेंबरात भरीत जरूर करा, पण आग दहाच्या आत विझवा. दुर्बीण त्या रात्री घरी ठेवा. आलेल्या प्रत्येकाच्या हातात मोजणीचा कागद द्या आणि त्यावर त्याचं नाव लिहून घ्या. भरलेले तक्ते आंतरराष्ट्रीय उल्का संघटना कोणत्याही गावच्या निरीक्षकाकडून स्वीकारते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.